पवन्याचं बी

दिवाळीनंतर जळोचीत आमच्याकडे पाहुणा आला, की त्याला पाणी मिळायच्या आधी शेजारचे भिवातात्या त्याचे मोजे तपासतात. "पाय फुडं करा, पावणं," म्हणत पायरीवर बसतात आणि मोज्यात रुतलेली कुसळं एकेक करून उपटतात. पाहुण्याला वाटतं, काय ही माया! मग तात्या कुसळ उन्हात धरतात आणि तोंड वाकडं करतात. "निस्ती कुसळी. काय कामाची न्हाय." पाहुणा उगाचच ओशाळतो.

मला बघायला आलेल्या मुलाचेही मोजे त्यांनी सोडले नाहीत. ते स्थळ जुळलं नाही, पण त्याला इतरही कारणं होती. आई हळहळायला लागली, तर तात्या म्हणाले, "बी पडू दे की. घाई कशाला?"

'बी पडू दे' हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. गवताचं बी जमिनीवर पडल्याशिवाय डोंगरावर मेंढरू न्यायचं नाही, असा त्यांच्या घरचा नेम होता. डोंगर म्हणजे आमच्यामागची टेकडी. पण तात्यांसमोर टेकडी म्हणायची सोय नाही. लांबून ती हिरवी दिसते. जवळ गेलं की दगड आणि मेंढरंही नीट तोंड लावत नाहीत अशी कुसळी. तात्यांनी मेंढरं विकून तीन वर्षं झाली. तरी रोज सकाळी काठी घेऊन वर जातात, आणि वळणावर थांबतात. मागची मेंढरं पुढे जाऊ द्यायला.

मीही रोज टेकडीवर चालायला जाते. कुणी पायाला हात लावायचा म्हणजे मला नको वाटतं. म्हणून कोपऱ्यावरच मोजे काढून पिशवीत टाकायची आणि मान खाली घालून घरात शिरायची. तात्यांना ते कळत होतं.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर सह्याद्रीतल्या एका किल्ल्यावर गेले होते. घरी आल्यावर मोजे धुवायला टाकताना बोटाला कुसळ टोचलं. मग मोजे तसेच नेऊन तात्यांपुढे ठेवले.

तात्यांनी एक कुसळ उपटलं. उन्हात धरलं. या वेळी तोंड वाकडं झालं नाही.

"पवना हाय ह्यो, मेंढरांचं गवात," ते म्हणाले. "कुटं घावला?"

"किल्ल्यावर. आपल्याकडे नाही का?"

"व्हता की. गुडघ्याएवढा. मेंढरं दुसऱ्या कशाला तोंड लावत न्हवती." ते मोज्याशी बोलल्यासारखे बोलत होते. "आमची म्हातारी, तुजी काकू, पायथ्याला काठी आडवी धरून उबी ऱ्हायची. मला बी सोडत न्हवती. म्हनायची, बी पडू दे. तू ल्हान व्हतीस, त्या साली पाऊस न्हाय, आन ती दवाखान्यात. मी मेंढरं घातली वर, बी पडायच्या आदी. माझं बघून समद्यांनी घातली. मुळापतुर खाल्लं. परत उगवला न्हाय."

"काकू रागावल्या असतील."

"ती घरी आलीच न्हाय, बाय. खाटंवरनं इचारायची, डोंगर राखलाय न्हवं? मी व्हय म्हनलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. मोज्यातलं सगळं बी तात्यांनी पानाच्या चंचीत भरलं होतं. पायथ्याशी आल्यावर त्यांनी चंची माझ्या हातात दिली.

"तू टाक."

"तुम्हीच टाका ना, तात्या."

"नगं. तू जा वर. मी हितं थांबतो."

मी वर गेले. दगडांच्या सांदीत, हाताने माती उकरून, थोडं थोडं बी टाकलं. परतताना खाली पाहिलं. रस्त्यावर मेंढरू नव्हतं, माणूस नव्हतं. आणि पायथ्याला तात्या दोन्ही हातांनी काठी आडवी धरून उभे होते.