मिठाला कागद नाही

माणसं सार भुरकतात. आमचे शेजारी ते आधी कागदाला पाजतात.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात गल्लीत एक लग्न होतं. नव्या शेजाऱ्यांना आमंत्रण आलं, आम्ही गेलो. केळीच्या पानावर भात पडला, भातावर सार पडलं, वर आणखी एक वाटी भरून आली. मी हात घालणार एवढ्यात शेजारच्या पानावरच्या वृद्ध गृहस्थांनी खिशातून जांभळट कागदाची एक पट्टी काढली आणि माझ्या वाटीत बुडवली. स्वतःच्या नव्हे, माझ्या! पट्टी लाल झाली. ती उजेडाकडे धरून त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "आंबट सरी आहे, बरोबर आहे. जेवा आता."

मी साताऱ्याचा माणूस. माझ्या पानात माझ्या परवानगीशिवाय आमच्या आईनं कधी चमचा घातला नाही. मी म्हटलं, "अहो, सार लालच आहे. त्यात कागद लाल होणार नाही तर काय होणार?"

गृहस्थ जेवता जेवता थांबले. "मी वरचं निवळ पाणी घेतलं," ते म्हणाले. "आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली आहे मी. लाल मिरचीचा लाल आणि आम्लाचा लाल मला कळत नाही काय?" मग आख्ख्या पंगतीत ते माझ्याशी बोलले नाहीत. पाठ दाखवता येत नव्हती म्हणून खांदा दाखवला.

हे पांडुरंग मेष्ट्रू. मेष्ट्रू म्हणजे कानडीत मास्तर. यांचे पूर्वज कधीतरी कापडाच्या धंद्यानं इकडे आले, शिवणकाम करत इथेच राहिले. घरात विठोबाची तसबीर आहे, शिवणाचं यंत्र आहे आणि बोलणं मराठी आहे. मराठी म्हणजे त्यात भात मराठीचा आणि सार कानडीचं. त्यांचं एक आवडतं वाक्य आहे: "जीभ सुळ्ळु सांगते, कागद सांगत नाही." सुळ्ळु म्हणजे खोटं, एवढं मला पहिल्याच दिवशी शिकावं लागलं.

आणि आमचं दुर्दैव असं, की लग्नाहून घरी आलो तर हे गृहस्थ आमच्या मागोमाग. मला वाटलं, आता भांडण होणार. ते आमच्या शेजारच्या फाटकातून आत गेले. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि ती मेष्ट्रू मानत नाहीत.

ते कागद ते घरीच करतात. जास्वंदीची फुलं उकळायची, त्या पाण्यात कागद भिजवून वाळवायचा. आंबट लागलं की लाल, सोड्यासारखं काही लागलं की हिरवा. जास्वंद आमच्या अंगणातली. माझी बायको मेधा गणपतीसाठी सकाळी फुलं काढायला जायची तर झाड मुंडण केल्यासारखं उभं. मी भिंतीशी जाऊन जाब विचारला. मेष्ट्रू म्हणाले, "देवाला बेडा म्हणत नाही ओ मी. पण फूल वाहून देवाचा रंग बदलतो काय? माझा बदलतो. मत्ते फुलाचा उपयोग कुठे जास्त, तुम्हीच सांगा."

बेडा म्हणजे नको आणि मत्ते म्हणजे मग, एवढं कानडी त्या फुलांच्या बदल्यात माझ्या पदरात पडलं.

एकदा माझ्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं. मेधानं साबण लावला तशी हळदीचा डाग रक्तासारखा लाल झाला. तो शर्ट दोरीवर बघून मेष्ट्रू भिंतीपाशी आले आणि तिथूनच, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पाठ घेतला. "भ्यायचं नाही! हळद आहे. साबण म्हंजे प्रत्याम्ल, हळदीला लाल करतो. लिंबू लावा, परत पिवळा होतो. साळवी अवरे जेवताना सांडतात, एवढाच ह्याचा अर्थ." साळवी अवरे म्हणजे मी, साळवीसाहेब. समोरच्या बस स्टॉपवर उभी असलेली माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. बेळगोळच्या कारखान्यात माझ्या हाताखाली माणसं काम करतात. त्यातले दोघे त्या स्टॉपवर होते.

साबण, सोडा अशा आम्लाच्या उलट गोष्टींना शाळेत आम्ही 'आम्लारी' म्हणायचो, असं मी एकदा बोलून गेलो. मेष्ट्रूंच्या कानडी शाळेत त्याला प्रत्याम्ल म्हणत. त्यावर ते तीन दिवस 'आम्लारी' हा शब्द फाटकातून आत टाकून हसत होते. "आम्लारी! कुठली बस स्टॉप आहे ती?"

रागवायला त्यांना जग पुरत नाही. एके रविवारी मला जबरदस्तीनं स्कूटरवर मागे बसवून गोकुलमला नेलं. तिथे योग शिकायला आलेल्या परदेशी लोकांसाठी एका दुकानात अल्कलीचं पाणी विकायला ठेवलं होतं. त्यानं पोटातलं आम्ल जातं आणि माणूस शांत होतो, अशी पाटी होती. मेष्ट्रू पाटी वाचून थरथरायला लागले. दुकानदार पोरगी बिचारी नमस्कार करून उभी. तिला ते म्हणाले, "अम्मा, पोटात देवानं हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवलंय. तुझं पाणी आत पडतं, आम्ल त्याला खातं, मीठ-पाणी होतं, संपलं! कोण शांत झालं? माझ्याकडे बघ, मी शांत आहे काय?" ते शांत नव्हते, हे दुकानातल्या सगळ्यांनी कबूल केलं. परत येताना एवढ्या आदळआपटीनं स्कूटर चालवली की माझ्याच पोटातलं आम्ल वर आलं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवेना ती वाटी.

रोज सकाळी, मी कामाला निघायच्या आधी, मेष्ट्रू भिंतीपलीकडून वाटी पुढे करायचे. स्वतः केलेलं सार. त्यात पट्टी आधीच बुडवलेली असायची. "आंबट कागदानं पास केलंय," म्हणायचे. "उप्पु सांगा." उप्पु म्हणजे मीठ.

"मेष्ट्रे, सार तुम्ही केलंत. मीठ तुम्ही घातलंत. मला काय विचारता?"

"मास्तरला उत्तर ठाऊक असतं, तरी विचारतो. अल्वा, हो की नाही? परीक्षा तुमची आहे. प्या."

मी प्यायचो. 'कमी आहे' म्हटलं तर माझ्या तोंडाकडे टक लावून विचारायचे, "किती कमी? स्वल्प, का जास्त?" आत जाऊन परत यायचे. "आता?" मोजे घालून, डबा हातात घेऊन, कारखान्याची बस कोपऱ्यावर दिसत असताना मी एका निवृत्त मास्तरला तोंडी परीक्षा देत होतो. 'बरोबर आहे' म्हटलं तर शाबासकी नाही, काही नाही, वाटी घेऊन सुम्ने, म्हणजे गपचूप, आत. मला शाळेतसुद्धा इतका अपमान वाटला नव्हता. उलट ते आमच्याकडे आले की परीक्षा नाही! एकदा मेधाचा उपमा खाली लागला होता, घरभर करपल्याचा वास. मी ताट बाजूला सारलं. मेष्ट्रूंनी दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, "भारी झालाय मेधाम्मा." दुसऱ्याच्या बायकोला फुकट मार्क!

मेष्ट्रू एकटेच राहायचे. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई आम्ही यायच्या आधीच वारल्या होत्या. मुलगा गिरीश बंगळूरला नोकरीला, महिन्यातून एखादा फेरा. त्याचं एकच म्हणणं: बाबांनी घर बंद करून आमच्याकडे यावं. मेष्ट्रूंचंही एकच म्हणणं: "तिथे सातव्या मजल्यावर जास्वंद कुठून आणू? ह्या घरातनं मी शकूकडेच जाणार." मागच्या वेळी गिरीश फाटकाशी मला म्हणाला, "काका, बाबांचं काही वेगळं दिसलं, एकट्याला जमत नाही असं वाटलं, तर लगेच फोन करा. मग मी त्यांचं ऐकणार नाही." मी इतक्या उत्साहानं हो म्हटलं की तो जरा चमकलाच. मला डोळ्यांपुढे शांत सकाळ दिसत होती आणि फुलांनी भरलेलं झाड.

मग शकुंतलाबाईंची तिथी आली. गिरीश आदल्या दिवशीच आला होता. आम्हा दोघांना जेवायचं बोलावणं होतं. सार मात्र मेष्ट्रू स्वतः करणार, कुणाला चुलीजवळ येऊ देणार नाहीत. त्यांच्या घरची रीत अशी, की तिथीचं अन्न गेलेल्या माणसाच्या पानावर वाढेपर्यंत कुणी तोंडात घालायचं नाही. चवीपुरतंसुद्धा नाही. त्या सकाळी मेष्ट्रू नेहमीसारखे वाटी घेऊन भिंतीपर्यंत आले, थबकले, वाटीकडे बघत राहिले आणि तसेच मागे फिरले. मी खिडकीतून बघत होतो. 'चला, आज परीक्षेला सुट्टी,' असं मी मेधाला म्हटलंसुद्धा.

शकुंतलाबाईंच्या फोटोपुढे पान वाढलं. नमस्कार झाले. मेष्ट्रू, मी आणि मेधा पानावर बसलो, गिरीश वाढत होता. मी भातात सार कालवून पहिला घास घेतला.

खारट म्हणजे किती खारट! जीभ आत ओढली गेली. मेधानं डोळे मिटून घास गिळला आणि पाण्याचा पेला संपवला. मला वाटलं, सापडला! इतक्या सकाळींचा सूड एका वाक्यात घेता येणार होता. मी तोंड उघडलं आणि मेष्ट्रूंकडे बघितलं.

ते त्याच साराची वाटी पीत होते. तोंड वाकडं नाही, ठसका नाही. पिता पिता वाटीच्या काठावरून माझ्या तोंडाकडे बघत होते, भिंतीवरून रोज बघायचे तसे. आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

तेव्हा मला कळलं. करपलेला उपमा कळला, कागद कळले, वाटी कळली. या माणसाला चव नव्हती. मिठाचा अंदाज चुकला असेल या भीतीनं त्यानं दर खेपेला आणखी थोडं घातलं होतं.

"आता मी पण बसतो," म्हणत गिरीशनं आपलं पान मांडलं आणि साराच्या पातेल्याकडे हात नेला.

मी पुढे काय केलं ते ठरवून केलं नाही. मी ताकासाठी वाकल्यासारखं केलं आणि कोपरानं पातेलं उलथवलं. सगळं सार माझ्या अंगावर, मांडीवर, फरशीवर.

"साळवी अवरे!" मेष्ट्रू गरजले. "तिथीचं सारू!"

"जेवताना सांडतो मी," मी तेवढ्याच जोरात ओरडलो. "सगळ्या बस स्टॉपला माहीत आहे!"

गिरीश ताकभात जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. तो वळणाआड जातो न जातो तोच मी भिंत ओलांडली. जन्मात पहिल्यांदा. माझा राग मस्तकात गेला होता.

"सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं. "रोज परीक्षा, परीक्षा! आणि गॅसचा वास येत नसेल तर उद्या घर उडेल, त्याचं काय?"

"गॅस कधीच काढून टाकला. विजेची शेगडी आहे," मेष्ट्रूही चिडले. "चव गेली ओ माझी, केमिस्ट्री नाही गेली."

मग पायरीवर बसले. म्हणाले, "साथीच्या वेळी दोघांना एकदमच ताप आला. ती गेली. माझा ताप उतरला, जाताना चव घेऊन गेला, वास पण घेऊन गेला. दही हुळी म्हंजे आंबट झालं तर कागद सांगतो. इडलीत सोडा जास्त पडला तर हळदीचा कागद सांगतो. उप्पु कोण सांगणार? आम्ल आणि प्रत्याम्ल भांडतात, भांडण मिटतं, त्यातनं मीठ होतं. ते ना इकडचं, ना तिकडचं. हे मीच शिकवलं पोरांना. त्याला कागद नाही."

"गिरीशला सांगा."

"सांगीन. पण मीच सांगीन. एक सारू नीट करून, त्याला जेवायला घालून, मत्ते सांगीन. नाहीतर तो माझं सामानच बांधतो."

दुसऱ्या दिवशी माझ्या शर्टावरचे डाग साबणानं लालभडक झाले होते. तो दोरीवर दिसत असूनही मेष्ट्रूंनी पाठ घेतला नाही. वाटी घेऊन ते भिंतीशी उभे होते, पण पुढे करत नव्हते. मीच हात पुढे केला.

"परीक्षा नाही आज," ते पुटपुटले. "मला माहीत नाही, म्हणून विचारतो. उप्पु सरी इद्या?"

मी सगळी वाटी प्यायलो. मुद्दाम सावकाश. "बरोबर आहे," मी म्हटलं.

"बरोबर?"

"अगदी बरोबर."

ते वाटी घ्यायला विसरले. "शकू रोज विचारायची," ते म्हणाले. "आयुष्यभर विचारलं तिनं. मी कधी स्वल्प कमी म्हटलं, कधी स्वल्प जास्त. बरोबर झालं त्या दिवशी सुम्ने जेवलो. बरोबर आहे करून एकदा पण नाही सांगितलं. तुम्ही सांगता तेव्हा आत जाऊन तिच्या फोटोला सांगतो मी, रोज."

सकाळच्या वेळी, कारखान्याची बस कोपऱ्यावर उभी असताना, दुसऱ्याच्या सारापायी माझे डोळे भरून यावेत हा शुद्ध अन्याय होता. मला भयंकर राग आला. मी वाटी त्यांच्या हातात कोंबली.

"उद्यापासून मोठी वाटी आणा," मी ओरडलो. "एवढ्याशा घोटात काय कळतंय!"