ठिपकी आणि तिसरा धोंडा

एका जंगलात पूर्वी नुसतं जंगलच होतं. मग तिथे इंग्रजी शाळा निघाली.

शाळा बगळेसरांची. सर पांढरेशुभ्र. एका पायावर उभे राहून, डोळे मिटून शिकवत. त्यामुळे ते फार विद्वान आहेत, असं सगळ्या आयांचं मत होतं.

मुलांनो, त्या जंगलात एक टिटवी होती. आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात. हसू नका. तुमच्याही घरात असं कुणीतरी झोपत असेल.

टिटवीला एक पिल्लू होतं, ठिपकी. नदीकाठच्या गोट्यांत जन्मलेली, गोट्यांच्याच रंगाची. तिला एकच गोष्ट यायची. आई "टिटिवटिव!" ओरडली की असेल तिथे जमिनीला चिकटून बसायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्याची फीसुद्धा भरलेली नव्हती. त्यामुळे टिटवीच्या लेखी त्याला किंमत नव्हती.

एक दिवस सरांनी विशेषणांच्या पायऱ्या शिकवायला घेतल्या. मैदानात तीन धोंडे मांडले. एक बुटका, एक मधला, एक उंच. पहिल्यावर उभा राहील तो 'टॉल', दुसऱ्यावरचा 'टॉलर', तिसऱ्यावरचा 'टॉलेस्ट'.

"स्नेहसंमेलनात प्रत्येक मूल धोंड्यावर उभं राहून आपलं विशेषण म्हणेल," सर म्हणाले. "विशेषण आयांनी सुचवावं. धोंडा मी ठरवीन."

हत्तिणीच्या बाळाला 'बिगेस्ट' मिळालं. हरिणीच्या पाडसाला 'फास्टेस्ट'. लांडोरीच्या मुलाचं विशेषण 'ब्यूटिफुल'. त्याला एस्ट लागत नाही, आधी मोस्ट लावावं लागतं.

"आमच्या मोरूला मोस्टच लागतं हो," लांडोर भेटेल त्याला सांगत सुटली. "साधं एस्ट त्याला पुरतच नाही."

टिटवीच्या घशाखाली किडा उतरेना.

"अहो, आपली ठिपकी कशात एस्ट आहे?"

"अगं, आठ दिवसांची आहे ती," टिटवा म्हणाला.

"तेच म्हणते मी. आठ दिवस हातचे गेले!"

तिने ठिपकीला पळवून पाहिलं. लाव्याचं पोर पुढे गेलं. गाऊन घेतलं. बुलबुलाची पोरगी वरचढ निघाली. ठिपकी धावण्यात नुसती 'फास्ट', गाण्यात नुसती 'स्वीट'. जिथे तिथे पहिला धोंडा. नुसतं चांगलं असणं इतकं लाजिरवाणं असतं, हे टिटवीला तोवर माहीतच नव्हतं.

तशी टिटवी शहाणी होती, शिकलेली होती. 'मुलांची तुलना नको' या विषयावर तिने मातामंडळात भाषणही केलं होतं. त्याला दुसरा नंबर मिळाला होता. पहिला लांडोरीला. ते तिला अजून टोचत होतं.

शेवटी तिला एक विशेषण सापडलं, जे कुणीच घेतलं नव्हतं. 'ब्रेव्हेस्ट'!

तालीम सुरू झाली. ठिपकीला तिसऱ्या धोंड्यावर चढवलं.

"मान ताठ. काही झालं तरी हलायचं नाही. टाळ्या वाजल्या की मगच उतरायचं."

"आणि तू ओरडलीस तर?"

"मी कशाला ओरडेन? मी व्हिडिओ काढत असेन."

"आई, मला वर भीती वाटते."

"ब्रेव्हेस्टला भीती वाटत नसते, बाळा. रडायचं असेल तर आत्ता रडून घे."

संमेलनाचा दिवस उजाडला. ठिपकी तिसऱ्या धोंड्यावर उभी राहिली. मान ताठ केली. "आय ॲम द..." एवढं म्हणाली आणि मैदानावरून एक सावली फिरली.

घार!

फास्टेस्ट सगळ्यात आधी दिसेनासा झाला. बिगेस्ट आईच्या पायांत शिरला. मोस्ट ब्यूटिफुल काट्यांच्या जाळीत घुसला. सर डोळे उघडून, दोन्ही पाय वापरून उडाले.

ठिपकी मात्र हलली नाही. टाळ्या कुठे वाजल्या होत्या?

टिटवीचा मोबाइल पडला. घोकलेलं इंग्रजी पळालं. तिच्या आईच्या, आजीच्या गळ्यातून निघायचं तेच तिच्या गळ्यातून निघालं.

"टिटिव! टिटिवटिव!"

ठिपकीने एकदा आईकडे पाहिलं. मग धोंड्यावरून घरंगळली आणि खालच्या गोट्यांत चपटी झाली.

घार धोंड्यापर्यंत आली. गोटे, गोटे, नुसते गोटे. ती निघून गेली.

पण आता ठिपकी कुणालाच सापडेना. आईलासुद्धा. टिटवी एकेका गोट्याला चोच लावत फिरू लागली.

"ठिपके! ये गं बाळा! मला काही म्हणजे काही नको. तू नुसती ये!"

एका गोट्याने डोळे उघडले.

"आई, टाळ्या झाल्या?"

टिटवीने तिला पंखाखाली घेतलं. पोटभर रडली. आता आयुष्यात कधी कुणाशी तुलना करणार नाही, अशी तिने शपथ घेतली. ती शपथ सर परत येईपर्यंत टिकली.

सर आले. एका पायावर उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "लो, लोअर, लोएस्ट. हिच्याहून खाली या जंगलात कुणीच बसू शकत नाही."

टिटवीने डोळे पुसले. मान वर केली.

"सर, हे प्रगतिपुस्तकात लिहाल ना?"

दुसऱ्या दिवशी हत्तीण घरी आली.

"टिटवीताई, आमच्या बाळाला शिकवाल का हो दबून बसायला?"

"बघते हं. बॅच भरत आलीय."

त्या बॅचमध्ये पहिलं नाव ठिपकीचं होतं.

"अगं, तिला येतंच की ते!" टिटवा म्हणाला.

"येतं हो. पण सराव नको? लांडोरीचा मोरू हल्ली फार सपाट बसायला लागलाय म्हणे."

तात्पर्य : मुलांची एकमेकांशी तुलना कधीही करू नये. हे आम्हाला इतर आयांपेक्षा कितीतरी लवकर कळलं.