वारलूभाऊंची सात बेटं

वारलूभाऊंचं नाव मी आधी सांगते, मग बाकीचं. या रानात मी टिकले ती त्यांच्यामुळे. हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला, म्हणून निदान लिहिताना तरी त्यांचं नाव पहिलं.

तर वारलूभाऊ दर मंगळवारी एकटे होत. तसे ते एरवीही एकटेच. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पण मंगळवारी ते ठरवून एकटे होत आणि सकाळी दारोदार फिरून तशी वर्दी देत.

"बाई, आज मी यकटा आहो. माह्याशी बोलू नका."

आपण मान हलवून गप्प राहिलो की त्यांना चैन पडत नसे.

"आयकलं ना जी? बोलायचं नाई."

"बरं, नाही बोलत."

"हां! तुमी बोलले पाहा."

मग ते गावच्या बोडीत उतरत. बोडी म्हणजे इथलं लहान तळं. तिच्या मधोमध चार माणसं बसतील एवढा मातीचा उंचवटा होता. त्याच्यावर उकिडवे बसून ते दुपारपर्यंत एकटे राहायचा सराव करीत. कोणी काठावर आलं की तिथूनच ओरडत, "म्हशी पान्यात घालू नका रे, मी यकटा आहो!"

काठावर धुणं धुणारी चंद्रभागाबाई हातातलं लुगडं आपटून म्हणे, "यकटा आहेस तं बोंबलून काऊन राह्यला?"

"तुले सांगून राह्यलो!"

"म्या इचारलं का तुले?"

हे तासभर चाले. गावात सगळ्यांत जास्त बोलणं वारलूभाऊंचं मंगळवारीच होई.

मी देवगडच्या बाजूची. मराठी चौथीत शाळा सुटली आणि पुढे लग्नानं मला इतक्या लांब आणून टाकलं. हे जंगलखात्यात नाकेदार, म्हणजे रानाची राखण करणारे. हा मुलूख नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि आमच्याकडची चार-दोन माणसं इकडे नोकरीला लागली होती, त्यांत हे एक. गाव वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या वरच्या अंगाला. आमचं घर गावाच्या टोकाला, आणि घराच्या मागे लगेच रान. हे लाकूडतोडीवर देखरेख करायला कूपावर, म्हणजे रानातल्या तोडीच्या जागी, गेले की आठ-आठ दिवस येत नसत. रात्री चंद्रभागाबाई सोबतीला झोपायला येई, त्यामुळे रात्रीचं एवढं काही नव्हतं. मला भीती दुपारची. आमच्याकडे दुपारीसुद्धा समुद्राचा आवाज असतो. इथे दुपारी पान पडलं तरी मी आतून कडी लावीत असे.

पहिल्याच महिन्यात कौलांवर धाडधाड आवाज झाला. मी हातात सूप घेऊन ट्रंकेवर चढले आणि ओरडायला लागले. वारलूभाऊ मासळी द्यायला आले होते. त्यांनी दारातून वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वांदर आहे, बाई. समुद्रात वांदर नाई राह्यत काय?"

मी ट्रंकेवरून उतरले. सूप मात्र खाली ठेवलं नाही. त्यांनी वानराला हाकललं, मासळी ओसरीवर ठेवली आणि जाताना वळून विचारलं, "मंग समुद्रात काय राह्यते?"

आमची ओळख झाली ती अशी. मी समुद्राकडची हे त्यांनी गावात आधीच ऐकलं होतं आणि ते मला त्या विषयातली जाणकार समजू लागले. कारण वारलूभाऊ एका सफरीची तयारी करीत होते. पावसाळा सरला की वैनगंगेचं पाणी उतरतं आणि पात्रात रेतीची बेटं उघडी पडतात. आमच्या घाटापासून मार्कंड्यापर्यंत त्यांच्या हिशेबानं अशी सात बेटं होती. डोंग्यातून एकट्यानं निघायचं, एकेका बेटावर एकेक मुक्काम करायचा आणि आठव्या दिवशी मार्कंड्याला देवाच्या पायऱ्या चढायच्या, असा बेत होता. डोंगा म्हणजे एका खोडाची कोरलेली होडी. ती त्यांनी स्वतः कोरली होती आणि ती डावीकडे किंचित कलत असे. "तिले तिकडं पाह्याची सवय आहे," असं ते म्हणत.

बेत चार वर्षं चालला होता. निघणं काही होत नव्हतं, कारण नदी. दर पावसाळ्यात पूर येई आणि बेटं सरकत. एक बुडे, दुसरं वर येई, तिसरं दोन ठिकाणी फाटे. मग वारलूभाऊ नव्यानं मांडणी करीत. आमच्या ओसरीवर लाखोळीचे, म्हणजे इथल्या एका कडधान्याचे, दाणे ठेवून ते मला समजावून सांगत.

"हे टिटवीचं बेट. हे दोन चुलीचं. हे तापाचं. आन हे भांडनाचं."

"भांडणाचं? कोणाचं भांडण?"

"जुनं आहे," म्हणून ते पुढच्या दाण्याकडे वळत.

एकदा आमची कोंबडी आली आणि तापाचं बेट खाऊन गेली. मी हसले. वारलूभाऊ हसले नाहीत. ते कोंबडीकडे बराच वेळ बघत राहिले. "नदी तं नदी, आता हेबी," म्हणाले आणि खिशातून दुसरा दाणा काढून तिथेच ठेवला.

समुद्राची चौकशी त्यांनी फार बारकाईनं केली. रेती पायाला चिकटते का? पाणी खारं तर मासा खारट का लागत नाही? बेटं दिसतात का?

"दिसतात की. आमच्या किनाऱ्यावरून दोन दिसतात."

"हलते?"

"नाही. जिथली तिथं असतात. माझ्या आजोबांनी पाहिली तीच मी पाहिली."

त्यांनी ओसरीवरचा एक दाणा बोटानं जरा सरकवला. "तसं बरं राह्यते," म्हणाले. मग लगेच सावरून, "पन त्यात मजा नाई ना जी! कवाबी जा, तिथीच. आमच्या बेटाले शोधा लागते."

मी म्हटलं, कोणाला तरी सोबत घ्या. मगरी असतात, भोवरे असतात.

"तसं नसते ना, बाई!" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "दोघं गेले का भांडन होते. यक म्हन्ते हे तेच बेट, दुसरा म्हन्ते हे ते नाई. यकट्यानं गेलं का आपन म्हनू तेच बेट."

मगरीसाठी त्यांच्याकडे टिनाचा डबा आणि काठी होती. डबा वाजवला की मगर जाते. वाघ पोहत आला तर? "त्यालेबी डबा." आणि भोवरा? थोडा विचार करून म्हणाले, "भोवऱ्याले आयकू येत नाई. तिथी बाजूनं जाईन."

गाव त्यांची भरपूर चेष्टा करी. पण मला कुतूहल वेगळंच होतं. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, जन्माला आलेला, नदीच्या काठी वाढलेला माणूस ही बेटं रोज काठावरून बघतो. मग तिथे जायला एवढी तयारी कशाला? शेवटी चंद्रभागाबाईला विचारलं.

ती भात पाखडत होती. पाखडता पाखडताच म्हणाली, "तुमाले मालूम नाई काय? त्याले डांगरवाडी भेटत नाई ना आता."

तिनं सांगितलं ते असं. कार्तिक पुनवेला ढिवरांची पंचायत बसते आणि उघडी पडलेली रेती घराघराला वाटून देते. तिथे टरबुजं, डांगरं लावतात, त्याला डांगरवाडी म्हणतात. वेल धरल्यापासून फळ निघेपर्यंत तिथेच झोपडी घालून राहायचं. पण वाटा मिळतो जोडप्याला. एकानं कावडीनं पाणी घालायचं, दुसऱ्यानं कोल्हे हाकलायचे. एकट्याच्यानं होत नाही. म्हणून एकट्या माणसाला वाडी नाही, ही रीत.

"सात साल वाडी केली त्या दोघाईनं. दर साली नवी रेती. यका साली सरजाले, त्याच्या बायकोले, ताप आला, तिथीच पडून राह्यली महिनाभर. यका साली लय भांडले, आन यका साली तं रुसून चार दिवस दोन चुली मांडल्या, यका झोपडीत! मंग सरजा मेली. पंचाईनं सांगतलं, वारलू, तुले आता वाडी नाई. तो उठून गेला. दुसऱ्या मंगरवारी जाऊन बोडीत बसला."

मी घरी आले. ओसरीवर लाखोळीचे सात दाणे तसेच होते. त्या दिवशी मी कोंबड्या डाल्याखाली झाकून ठेवल्या.

याच सुमाराला वारलूभाऊंनी सरावाची जागा बदलली. बोडीतल्या उंचवट्यावर मुंग्या झाल्या म्हणाले. आमच्या अंगणात एक जुना सागाचा ओंडका पडला होता, तो त्यांना बेटासारखा वाटला. तिथे ते घराकडे पाठ करून बसत आणि जाळं विणत. हळूहळू मंगळवारखेरीजही येऊ लागले.

"वारलूभाऊ, चहा घेता?"

"मी यकटा आहो." मग पाठ न वळवता, "ठेवून द्या तिथी. यकट्या मानसाले चहा चालते."

खरं सांगायचं तर मला कधी कधी राग येई. आपलं अंगण, आणि त्यात परका माणूस दिवसभर पाठ करून बसलेला. पण कडी लावायची मात्र माझी सवय मोडली होती. तिकडे माझं लक्ष गेलं नाही. दुपारी मी दार उघडं ठेवून तांदूळ निवडायला लागले होते.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि वारलूभाऊंनी जाहीर केलं की यंदा निघायचंच. दिवाळीला पाणी उतरतं आणि पुनवेला रेती वाटली जाते. त्या मधल्या दिवसांतच बेटं मोकळी असतात. एकदा जोडपी येऊन बसली की बेटावर एकट्याचं काही काम नाही. त्यामुळे निघायचे दिवस थोडेच, आणि त्यांतले पाच ते पाणी बघण्यात घालवून बसले होते.

सहाव्या दिवशी सकाळी अख्खा गाव घाटावर आला. डोंग्यात तांदूळ, सुकी मासळी, मोहफुलांची पुरचुंडी, मडकं, घोंगडी, टिनाचा डबा. पोट्टे डबा वाजवून बघत होते.

चंद्रभागाबाई म्हणाली, "सांजेपरेंत वापस येशीन तू. तुले बोलाले कोन भेटन तिथी?"

"बोलाले नाई चाललो मी."

"मंग काय कराले?"

वारलूभाऊंनी बांबू हातात घेतला. "पाहाले," म्हणाले. एवढंच. नेहमीसारखं 'तसं नसते ना' आलं नाही, म्हणून मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी नवं धोतर नेसलं होतं आणि दाढी केली होती. डोंगा डावीकडे कलत वळणाआड गेला.

मी घरी आले तर हे कपडे बांधत होते. कूपावर आग लागल्याचा निरोप आला होता, दहा दिवस तरी लागणार होते. हे गेले. मी दार लावलं. कडीही लावली.

दिवस कलायच्या आत अंगणात खोकल्याचा आवाज आला. फटीतून पाहिलं. ओंडक्यावर वारलूभाऊ. घराकडे पाठ. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, हाताच्या तळव्यांना फोड आलेले. नदीच्या उलट अंगानं बांबू रेटत ते परत आले होते.

"काय झालं, भाऊ?"

"बेटं सारे हलले, बाई. यकबी वळखू येत नाई. काय करता? जमलं नाई."

गाव चार दिवस हसत होता. सात बेटं एका दुपारी संपली, वाघानं डबा नेला, भोवऱ्यानं विचारपूस केली, काय काय! चंद्रभागाबाई सगळ्यांत पुढे. वारलूभाऊ जाळं विणत ऐकून घेत. मीही मनात म्हटलं, म्हातारा घाबरला असेल. पुनव आली, रेती वाटली गेली, जोडपी झोपड्यांचे बांबू-तट्टे घेऊन पात्रात उतरली. वर्ष गेलं ते गेलं.

मग एके दिवशी चंद्रभागाबाई आली ती हसत नव्हती. वारलूभाऊ निघाले त्या दिवशी तिचा भाऊ नदीवर जाळं टाकायला होता. त्यानं तिला आत्ता सांगितलं. वारलूभाऊ पहिल्या बेटावर पोचले होते. तीन दगडांची चूल मांडली होती, मडक्यात पाणी भरलं होतं. रेतीत काठी रोवून ते म्हणाले होते, "हे टिटवीचं. हेच आहे." इतके खूश होते की तिचा भाऊही त्यांच्याजवळ बिडी ओढत बसला. बोलता बोलता त्यानं सहज सांगितलं की गावातून निघताना नाकेदार कूपावर जाताना दिसले, दहा दिवसांचं काम आहे म्हणत होते.

"तं वारलूनं यवढंच इचारलं," चंद्रभागाबाई म्हणाली. "'मंग बाई यकटी?' आन मडक्यातलं पानी वतून देल्लं."

ती पदरानं नाक पुसून गेली. अंगणात वारलूभाऊ होतेच. मी दारात जाऊन उभी राहिले. चौथी शिकलेल्या माणसाला अशा वेळी शब्द कमीच पडतात. जास्त शिकलेल्यांकडे असतात की नाही, मला माहीत नाही.

"वारलूभाऊ, तुम्ही मागं फिरला नसतात तरी चाललं असतं हो."

"बेटं हलले होते, बाई," पाठ न वळवता ते म्हणाले. "सांगतलं ना तुमाले."

मी चहा ओंडक्यावर ठेवून आत आले. या उपकाराची फेड मी कशी करणार आहे ते मात्र ठरवलं आहे. यंदा दिवाळीनंतर पाणी उतरेल तेव्हा डोंगा ढकलायला मी स्वतः घाटावर जाणार. जाताना ते विचारतीलच. तेव्हा मी त्यांच्याकडे सरळ बघून सांगणार आहे की हे घरीच आहेत, पुनवेपर्यंत कुठे जायचे नाहीत, तुम्ही सातही बेटं सावकाश बघून या.

हे घरी नसले तरी.