नत्थूजींची अतिशयोक्ती

"वैनी, चकोराले जसं चांदनं, तसा मले तुमचा चहा!" आमच्या ओट्यावर बसून असा चहा मागणारे नत्थूजी समुद्रपूरच्या कापूस बाजारात मापारी होते. काट्यावर छटाकभर इकडचं तिकडे होऊ देत नसत. काट्यावरून उठले, की बोलण्याला माप नसे.

पन्नाशीत हे वेड लागलं, आणि लावणारा मीच. शाळेत शिकवायची माझी अलंकारांची वही त्यांनी चाळायला म्हणून नेली, ती परत आलीच नाही. मग दर आठवड्याला एक अलंकार. उपमेच्या आठवड्यात पाटलांच्या तोंडाला त्यांनी पुनवेच्या चंद्रासारखं म्हटलं. पाटलांच्या तोंडावर देवीचे वण. दोन महिने बोलणं बंद.

"साधं बोला की हो," मी म्हणायचो.

"साधं काऊन बोलायचं, मास्तर? तोंड काय फकस्त जेवाले हाय?"

त्यांची बायको गंगाबाई भाचीच्या बाळंतपणाला आष्टीला भावाकडे गेल्या, तेव्हा नत्थूजी नेमके अतिशयोक्तीवर आले होते. त्यांनी पत्र धाडलं: 'तुझ्या विरहाग्नीत देह जळून खाक झाला. आता राख सावडायला तरी ये.'

तिसऱ्या दिवशी गंगाबाई आणि त्यांचे भाऊ रडत बसमधून उतरले. नत्थूजी ओट्यावर चिवडा खात होते.

"अवं, ते अतिशयोक्ती होय!"

"मी सारा रस्ता रडत आली, आन् तुमी चिवडा खाऊन राह्यले? आता खरंच मराले टेकले, तरी येनार नाई!" बाई आल्या पावली परत गेल्या.

पुढच्या पत्रांतून रूपकं गेली, दृष्टान्त गेले. उत्तर नाही. बाळाचं बारसंही उरकलं. आष्टीकडची बस यायच्या वेळेला नत्थूजींना रोज स्टँडवर काहीतरी काम निघे. मला फार वाईट वाटे.

मग त्यांना खरोखरच हिवताप आला. पडल्या पडल्या लिहिलेलं कार्ड त्यांनी टाकायला माझ्याकडे दिलं. 'ताप आहे. मास्तरांच्या घरून पेज येते. तुझ्याशिवाय करमत नाही. ये.' आता यावर कोण विश्वास ठेवणार, असं म्हणत मी ते पेटीत टाकलं.

गंगाबाई आल्या. दारातच मला म्हणाल्या, "या डाव काईच सजवलं नोतं, भाऊ. म्हून भेव वाटलं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. नत्थूजींनी डोळे उघडले.

"तुहा हात... जसा..."

सवयीने मी उपमेची वाट पाहू लागलो.

"थंड हाय," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडू लागले. गंगाबाईंनी हात काढला नाही.