तिसऱ्या मजल्यावर आलेली लाट

त्या शनिवारी पेनिएली हवामान कचेरीची परीक्षा पास झाला आणि अख्खं बेट डुकरांसकट तिसऱ्या मजल्यावर चढलं! अर्थात, असं काही घडलंच नाही. कचेरीच्या वहीत त्या तारखेपुढे ‘समुद्र शांत’ एवढंच लिहिलंय, आणि वही खोटं बोलत नाही.

तर ही न घडलेली गोष्ट.

प्रवाळाच्या कड्यापलीकडे नवाकोरा पिवळा तरंगता बोया सोडला होता. भोपळ्याएवढा जीव, पण आपण किती वर उचललो गेलो त्यावरून लाट किती उंच ते दर मिनिटाला कचेरीतल्या पडद्यावर कळवायचा. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण संपलं होतं. आज पेनिएलीनं एकट्यानं पडदा सांभाळला की नोकरी पक्की. नाहीतर पुन्हा तालाफूकाकाच्या होडीत आमिष कापत बसा!

“लिटियाताई, काळजीच सोडा! समुद्र माझ्या खिशात आहे.”

“खिसा फाटका नाही ना, तेवढं बघ,” साहेबीण म्हणाली. “आणि आज मी भिंत. भिंतीला काही विचारायचं नाही.”

दुपारी सभागृहात मेजवानी रंगली. फातेले नाचाची लाकडी पेटी धुमधुम वाजू लागली. पेनिएलीचा पायही ताल धरू लागला.

तेवढ्यात पडद्यावर लाट. अर्धा मीटर. एक. दीड. आणि भराभर!

खिडकीबाहेर समुद्र तव्यासारखा सपाट.

“ताई, बाहेर तर...”

“भिंत.”

“अहो, पण...”

“भिंतीनं सहा आठवडे काय शिकवलं?”

“डोळ्यांवर नाही, यंत्रावर विश्वास.”

तीन मीटर! आणि एकदम शून्य. म्हणजे समुद्र मागे हटला! त्सुनामीची ही खूण तर पुस्तकात लाल अक्षरांत होती. पेनिएली गॅलरीत धावला आणि तिथे टांगलेला रिकामा गॅस सिलिंडर त्यानं पहारीनं असा बडवला, की कोंबड्यांनी भरदुपारी बांग दिली.

सिलिंडर वाजला की कचेरीच्या याच सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढायचं, हे बेटावर तान्ह्या पोरालाही ठाऊक. तीन मजली दुसरं आहेच काय? माणसं धावली. पातेली धावली. डुकरं तर सगळ्यांच्या पुढे!

पडदा पुन्हा हलला.

“ताई, चार मीटर! आता जरा दम खातेय... सात!”

भिंतीला घाम फुटला. “लाट दम खातेय?”

“दहा! ताई, लाट जिना चढतेय!”

दार धाडकन उघडलं. दारात तालाफूकाका, आणि त्यांच्या खांद्यावर बोया! मानाच्या पाहुण्याला सजवतात तसा बोयाच्या गळ्यात फुलांचा हार, डोक्यावर पावडर, वर अत्तराचा घमघमाट.

“सरका रे! आधी पाहुण्याला बसू द्या!”

“काका, हा पाण्याबाहेर कसा?”

“पहाटे याच्या सावलीत बावीस टूना मासे लागले. ज्याच्यामुळे जेवायला मिळालं, त्यालाच पंगतीला बोलवायचं नाही? आईनं हेच शिकवलं तुला? मग पोरांनी नाचात घेतलं, वर उडवून झेललं. सोमवारी परत बांधणारच होतो की!”

फातेले संथ सुरू होतो, चढत जातो आणि ऐन भरात एकदम थांबतो, अगदी पडद्यावरच्या लाटेसारखा. पेनिएली हे चालता येण्याआधी शिकला होता. त्यानं आपल्या पायाकडे रागानं पाहिलं.

लिटियाताईनं घड्याळ बघितलं. “अकरा मिनिटांत सगळं बेट वर. पंधरा वर्षांत एकही सराव इतका चोख झाला नाही.” आणि तिनं परीक्षेच्या कागदावर सही ठोकली.

उरलेली मेजवानी तिथेच झाली. बोयाला खुर्ची मिळाली. पेनिएली जिन्यात बसला. सोमवारी सभागृहाच्या दारावर कागद लागला:

‘बोयास पंगतीस बोलावण्यास कचेरीची हरकत नाही. मात्र तसे तीन दिवस आधी लेखी कळवावे, व फातेलेची लय अखेरपर्यंत अर्ध्या मीटरच्या वर जाऊ देऊ नये, ही नम्र विनंती. – पेनिएली, निरीक्षक (कायम).’