दौलतभाऊंची जांभळी रेघ

दौलतभाऊ कंपाउंडर भेटले की नमस्कार करत नसत. थेट मनगट धरत आणि टाचणी काढत.

"वयनी, डोये मिटा. टोचलं का नुसतं लागलं?"

टोचलं म्हटलं की तिथे जांभळ्या पेन्सिलीचा ठिपका. पेन्सिल ओली करून करून त्यांची जीभ कायम जांभळी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. वाशीमची आमची अख्खी गल्ली त्यांना पाहून कड्या लावायची. महारोग ओळखायला टाचणी टोचतात, हे सगळ्यांना ठाऊक. आपलाच हात बधिर निघाला तर? मी तर भीतीने आधीच "टोचलं!" म्हणून ओरडायची.

"टाचणी खिशातच हाये, वयनी," ते शांतपणे म्हणत.

त्यांचं म्हणणं, कातडीत दुखण्याचे दाणे पेरलेले असतात, मधली जागा रिकामी. "चांगली नस टोचलं तं बोंबलते. बिघडली का वाऱ्यालेही बोंबलते. चांगला हात समजल्याबिगर बिघडलेला कसा समजन?"

बिघडलेला हात त्यांच्या घरातच होता. बायकोच्या, राधाच्या, मनगटावर उकळतं तेल सांडलं होतं. जखम कधीच भरली. पण नुसता पदर लागला तरी ती किंचाळे. दर शनिवारी दौलतभाऊ पीस फिरवून, दुखणं जिथे संपे तिथे रेघ मारत. रेघ चढत चढत कोपरापर्यंत आली होती.

"कामाले नको म्हून ढोंग करून राह्यली," राधाची सासू म्हणे. शेवटी ढोंग उतरवायला तिने केनवडहून डाग देणारा बोलावला.

त्या सकाळी विळा निखाऱ्यात लाल होत होता. दौलतभाऊंनी राधाचे डोळे बांधले आणि पीस माझ्या हातात दिलं. "तुमी धरा, वयनी. मी धरलं तं माय म्हणंन, नवरा खुणा करते."

मी पीस चिमटीत धरलं. खांद्यापासून पीस खाली आणलं, ती गप्प. एका जागी आलं आणि तिने किंकाळी फोडली. तीनदा फिरवलं, तीनदा तीच जागा. मग पीस वरच धरून मी विचारलं, "लागलं?"

"नाई."

मी असते तर ओरडले असते.

सासूने सुनेकडे न बघता तांब्याभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं. मला हायसं वाटलं.

दौलतभाऊ मात्र हाताकडेच बघत होते. किंकाळीची जागा शनिवारच्या रेघेच्या दोन बोटं वर होती. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली, पण रेघ ओढवेना.

"खरं निघालं, वयनी," ते म्हणाले. "ढोंग असतं तं किती बरं होतं."