चौकशीला माणूस येतो

दामोदर टेलरांचा एक सिद्धांत होता. माप नीट घेतलं की कपडा बिघडत नाही! हा सिद्धांत त्यांनी शर्ट-पँटीपुरता ठेवला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण लेकीच्या नर्सिंगच्या स्कॉलरशिपचा अर्ज पाठवून झाला, तसे ते ताटावर ताठ बसले आणि म्हणाले, "झालं! मार्क उत्तम, दाखले चोख, अर्ज मी स्वतः तपासलाय. आता मिळालीच म्हणून समजा!"

"अप्पा, स्वल्प थांबा," सुप्रीता म्हणाली. "अजून किती मुलींनी अर्ज केलेत, माहितेय का?"

"त्यातल्या किती जणींचे बाप टेलर आहेत?"

महानंदाबाईंनी मात्र भाकरी ताटात टाकता टाकता बजावलं, "एक ऐका. स्कॉलरशिप हातात पडेपर्यंत गल्लीत कुणाला एक अक्षर सांगायचं नाही. चांगल्या कामाला दृष्ट लागते. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला!"

दामोदरांनी शपथ घेतली. बायकोची शपथ मोडायची त्यांची कधीच छाती झाली नव्हती.

तसं पाहिलं तर सगळं या स्कॉलरशिपवरच अडलं होतं. नर्सिंग कॉलेजात सुप्रीताला सीट मिळाली होती, पण फी भरायची मुदत महिनाअखेरची. शिवाजीनगरच्या एका जुन्या ट्रस्टनं हात दिला तर पोरगी नर्स होणार, नाहीतर सीट सोडून बेळ्ळंदूरच्या मॉलमध्ये बिलिंगच्या काउंटरवर उभी राहणार. ती नोकरी मामानं बघूनही ठेवली होती. आत्या दवाखान्यात होती तेव्हा सुप्रीता तिच्या उशाशी बसून तिथल्या सिस्टरांचं काम बघत राहिली होती, आणि तेव्हापासून या मुलीनं दुसरं काही मनात आणलं नव्हतं. दामोदरांना हे ठाऊक होतं. म्हणून तर एवढा आवाज चढवून बोलत होते. आतून त्यांची पाचावर धारण बसली होती.

त्यात ट्रस्टचा मेसेज आला. अर्ज पोचला. आमचा माणूस ओळख न सांगता तुमच्या भागात चौकशी करून जाईल. निर्णय नंतर कळवू. कृपया फोन करू नये.

कृपया फोन करू नये! या एका वाक्यानं दामोदरांची झोप उडाली. अहो, ज्यांना फोन करायचा नाही त्यांच्याच फोनची वाट बघायची, हा काय न्याय झाला? शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर चालू होती, त्यात त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मीटर बघायला आलेल्या माणसाला ट्रस्टचा समजून आग्रहानं ताक पाजलं. तो बिचारा आजही त्यांच्या दुकानासमोरून जाताना मान वाकवून नमस्कार करतो.

फोन वाजला की दामोदर मशीनवरून उडायचे. एकदा असेच उडाले आणि सुई थेट बोटात! फोनवर कुणीतरी बाई कर्ज हवंय का विचारत होती. दामोदरांनी बोटाकडे पाहिलं, रक्ताचा थेंब दिसला, आणि ते मशीनवरच आडवे झाले. रक्त बघितलं की चक्कर, ही त्यांची लहानपणापासूनची खोड. सुप्रीता धावत आली, त्यांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले, तोंडावर पाणी मारलं आणि बोटाला पट्टी बांधली.

"अप्पा, रक्त थांबलंय. डोळे उघडा."

"आधी ते झाक," दामोदर डोळे मिटूनच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पट्टीचं बोट सांभाळत दुकान उघडत होते, तेवढ्यात शेजारच्या दुकानातून हयवदन हसत हसत आले. हयवदन म्हणजे त्यांचे घरमालक. खाली एका गाळ्यात त्यांची कॉफी पावडर, दुसऱ्यात दामोदरांचं टेलरिंग, आणि वरच्या मजल्यावर दोघांचीही बिऱ्हाडं. मराठी भाडेकरू ठेवून ठेवून हयवदन मराठी बोलायला शिकले होते, पण मधूनमधून कानडी शब्द यायचेच.

"दामूअण्णा, स्वीट कधी?"

"कसलं स्वीट?"

"आमच्यापासून लपवता? काल एक माणूस आला होता री. चष्मा, खांद्याला बॅग. तुमचं सगळं विचारून गेला. घर कसं, कमाई कशी, मुलगी कशी!"

आला! ट्रस्टचा माणूस येऊन गेला! "मग? तुम्ही काय सांगितलं?"

"स्वल्प पण कमी पडू दिलं नाही!" हयवदननी छाती फुगवली. "ही बिल्डिंग तुमची म्हटलं."

"अहो, बिल्डिंग तुमची आहे!"

"ते त्याला काय माहीत? मी तुमचा भाडेकरू, म्हटलं. चिक्कमगळूरला तुमचा कॉफीचा मळा आहे, त्याचीच पावडर मी विकतो, म्हटलं. मुलीनं जन्मात नोकरी केली नाही तरी चालेल, एवढं आहे, म्हटलं!"

दामोदर पायरीवर मटकन बसले. "हयवदन, असं का केलंत?"

"असं का म्हणजे? आमच्या नयनाची चौकशी आली तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतं? मुलगी शास्त्रीय गाते! आमची नयना! ती गुणगुणली तरी लोक खिडक्या लावतात. पण लग्न झालं की नाही? तुमचे उपकार विसरीन का मी?"

आता यात हयवदनचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. लग्नाच्या वयाच्या मुलीबद्दल परका माणूस गल्लीत विचारपूस करतो, तेव्हा त्याचा त्या गल्लीत एकच अर्थ होता. स्थळाकडची माणसं! आणि चौकशीवाल्याला शेजाऱ्याबद्दल भरभरून सांगायचं, हा गल्लीचा धर्म. त्या धर्मातले सगळ्यात मोठे पुजारी खुद्द दामोदर! किती आळशी पोरांना त्यांनी कष्टाळू केलं होतं, किती भांडखोर पोरींना गाय. पेरलं तसं उगवलं, दुसरं काय!

दामोदर धावत कोपऱ्यावर भागुबाईंकडे गेले. भागुबाई फुलं विकायच्या आणि गल्लीत येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्याशीच बोलायचा.

"काळजी करू नका अण्णा," भागुबाई गजरा ओवता ओवता म्हणाल्या. "मी म्हटलं, पोरगी लई नाजूक. रक्ताचा ठिपका दिसला तरी चक्कर येते तिला. मोठ्या घरच्या लोकांना अशीच सून लागते."

"भागुबाई, ती चक्कर माझी आहे!"

"असंल की. पण बापाची चक्कर सांगून कुठं लग्न जमतंय?"

दामोदर घरी आले ते घामानं भिजूनच. इमारतीचा मालक, कॉफीच्या मळ्याचा धनी, आणि रक्त बघून पडणारी मुलगी! तिला नर्सिंगला स्कॉलरशिप कोण देईल? सुप्रीतानं सगळं ऐकलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. ती रडली असती तर दामोदरांना बरं वाटलं असतं.

"गल्लीला खरं काय ते सांगून टाकतो," ते महानंदाबाईंना म्हणाले.

"आधीच दृष्ट लागलीय, अजून बोलून बघा!" महानंदाबाई कडाडल्या. "शपथ घेतलीय तुम्ही."

मग दामोदरांनी मधला मार्ग काढला. आणि मधले मार्ग कुठं नेतात, हे आता बघाच. ते गल्लीत फिरून प्रत्येकाला सांगत सुटले, "पुन्हा कुणी चौकशीला आलं तर मोठेपणा सांगू नका. आम्ही साधी माणसं, हातावर पोट. खरं तेवढंच सांगा. आणि कारण विचारू नका!"

हयवदननी एक डोळा बारीक केला. "सरी, सरी. कळलं. स्थळ पसंत नाही!"

"तसं नाही हो..."

"बोलू नका अण्णा. मोडायचं काम माझ्यावर सोडा!"

त्यानंतर बरेच दिवस कुणीच आलं नाही. महिना संपत आला. मामाचे फोन यायला लागले, मॉलवाले थांबणार नाहीत म्हणून. सुप्रीता फोन घेऊन बसायची, नुसती बघत राहायची, आणि दामोदर मशीनच्या आडून तिच्याकडे बघत राहायचे. घरात भाजीत मीठ दोनदा पडत होतं आणि कुणी तक्रार करत नव्हतं.

आणि एका दुपारी सुती साडीतल्या एक वयस्क बाई हातात छत्री घेऊन जिना चढून वर आल्या.

"मी सगुणाबाई. ट्रस्टकडून आलेय. पूर्वी दवाखान्यात मेट्रन होते."

महानंदाबाईंनी घाईनं कॉफी टाकली. सगुणाबाई खुर्चीवर बसल्या, छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि शांतपणे सुरू झाल्या.

"आमचा माणूस आधी येऊन गेला. त्याला कळलं, बिल्डिंग तुमची, मळा तुमचा, मुलीला रक्ताची चक्कर. मग अर्ज केलाच कशाला, हे बघायला आज मी स्वतः गल्लीत फिरले. तर कळलं की तुम्ही सकाळपासून पिता, दुकान कधीच उघडत नाही, घरात चूल पेटत नाही, आणि मुलगी इतकी रागीट की तिनं भांडणात दोघांना सुया टोचल्या." त्यांनी समोरच्या वाफाळत्या कपाकडे पाहिलं. "चूल तर पेटलेली दिसते."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांबद्दल ज्यांची जीभ कात्रीसारखी चालली, ते दामोदर स्वतःच्या मुलीच्या वेळी नुसती गळ्यातली टेप गुंडाळत राहिले.

"यातलं खरं काय आहे?" सगुणाबाईंनी विचारलं.

"काहीच नाही," सुप्रीता म्हणाली. "बिल्डिंग हयवदनमामांची. मळा कुणाचाच नाही. अप्पा कॉफीशिवाय काही पीत नाहीत. आणि रक्त बघून चक्कर त्यांना येते, मला नाही. गल्लीला वाटलं माझं लग्न जमतंय, म्हणून आधी चांगलं सांगितलं. मग वाटलं आम्हाला ते मोडायचंय, म्हणून वाईट सांगितलं. दोन्ही माझ्यासाठीच. खरं विचाराल तर मला नर्सिंग शिकायचंय. सीट गेली तर मी मॉलमध्ये बिलं करीन, पण माझं मन लागणार नाही."

सगुणाबाईंची नजर दामोदरांच्या बोटावर गेली. "ही पट्टी कुणी बांधली?"

"मी. परवा पुन्हा सुई लागली त्यांना. आज सकाळीच बदलली."

"बघू." आणि त्यांनी दामोदरांचा हात ओढून पट्टी सोडायला सुरुवात केली.

"नको!" दामोदर ओरडले. पण उशीर झाला होता. आतल्या कापसावर तांबूस डाग होता, आणि तो त्यांनी नको असताना पाहिला. त्यांची मान कलली ती थेट कॉफीच्या कपाच्या दिशेनं!

सुप्रीतानं एका हातानं कप सरकवला, दुसऱ्यानं मान धरली. वडिलांना जमिनीवर आडवं केलं, पायाखाली उशी सारली. "आई, पाणी. आणि पंखा वाढव." सगळं इतक्या सहज, जणू घरात रोज कुणीतरी पडतंच. आणि त्या दिवसांत तसं ते पडतही होतं म्हणा!

दामोदरांनी डोळे उघडले तेव्हा सगुणाबाई पट्टी परत बांधत होत्या. "गाठ जखमेवर नाही, बाजूला मारलीयस," त्या सुप्रीताला म्हणाल्या. "कुणी शिकवलं?"

"आत्याच्या वेळी सिस्टरांना बघून बघून."

सगुणाबाईंनी कॉफी संपवली, छत्री उचलली आणि दारात म्हणाल्या, "निर्णय कळवू. फोन करू नका."

झालं! पुन्हा जीव टांगणीला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मामा मॉलचे कागद घेऊन निघालाच होता, तेवढ्यात सुप्रीताचा फोन किणकिणला. तिनं वाचलं. मग फोन वडिलांच्या हातात दिला. स्कॉलरशिप मंजूर! दामोदरांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि युनिफॉर्मच्या ढिगात तोंड खुपसून ढसाढसा रडले. त्या शर्टांना नंतर पुन्हा इस्त्री करावी लागली.

संध्याकाळी सगुणाबाईंचा फोनही आला. "दामोदरराव, गल्लीला माझा नमस्कार सांगा. तुमच्यासाठी एवढं खोटं बोलणारी माणसं मी आजवर कुठं पाहिली नाहीत."

शपथ सुटली, पेढे वाटले गेले, आणि दामोदरांनी मनाशी पक्कं ठरवलं. यापुढे चौकशीला कुणीही येवो, आपण खरं म्हणजे खरंच सांगायचं! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आठवड्याभरातच एक सभ्य जोडपं दुकानात आलं. हयवदनचा मुलगा प्रणीत कसा आहे, असं विचारायला लागलं. दामोदर सावध झाले. कुठल्या ट्रस्टचे, कुठल्या बँकेचे, कोण जाणे! त्यांनी गळ्यातली टेप सारखी केली आणि सगळं खरं सांगितलं. मुलगा मनानं चांगला, पण उठतो उन्हं डोक्यावर आल्यावर. नोकरी धरतो आणि सोडतो. घोरतो इतका, की भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येतं. जोडप्यानं त्यांचे मनापासून आभार मानले आणि म्हैसूरची बस पकडली.

मुलीचे आईवडील होते ते!

आता सुप्रीता रोज सकाळी कॉलेजला जाते. तिचा पांढरा युनिफॉर्म दामोदरांनी स्वतः शिवला, दोन्ही बाह्या अगदी बरोबर. हयवदन मात्र तेव्हापासून तोंड फिरवून बसतात. परवा वरची पाण्याची टाकी गळायला लागली आणि घरात डबकं झालं, तेव्हा दामोदर नाइलाजानं त्यांच्या दुकानात गेले.

"हयवदन, टाकी गळतेय हो. माणूस पाठवता का?"

हयवदननी कॉफीच्या डब्यावरून मान वर केली नाही.

"मला काय सांगता? बिल्डिंग तुमची आहे. मी साधा भाडेकरू!"